झेलीच्या दगडावरचं वाक्य

झेलीच्या दगडावर काय कोरायचं, ते मला सुचत नव्हतं. पाथरवट एस्पोझितो शुक्रवारपर्यंतच थांबणार होता. पुढच्या आठवड्यात संतांचा सण. सगळं मार्सेय शहर शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत येणार, आणि माझ्या बायकोचा दगड तेवढा कोरा!

भाची सिल्वेट विद्यापीठात यंत्राला वाक्यं ओळखायला शिकवते. ती म्हणाली, "मामा, चला. सुचवायचं काम यंत्राला लावू."

"ते तर ओळखतं ना?"

"तेच नियम उलटे चालवले की वाक्यं बनवतं. कोण, कोणाला, काय करतो, एवढं जुळलं की झालं. एक आलं की हा अर्धविराम दाबायचा, दुसरं येतं."

तिने यंत्राला झेली, मासा आणि पाद्री दिले. विकणं आणि घाबरणं दिलं. यंत्र खडखडलं.

झेली झेलीला विकते.

"हे काय?"

"नियमात बसतं, मामा. दाबा."

झेली माशाला विकते.

"आता कसं! जन्मभर मासेच विकले तिने."

झेली पाद्र्याला विकते.

"विकलाही असता," मी म्हणालो. "त्याचं प्रवचन लांबलं की हिचा ठेला उशिरा लागायचा."

झेली झेलीला घाबरते. झेली माशाला घाबरते.

"साफ खोटं!"

"खरं-खोटं मी त्याला शिकवलेलंच नाही. नुसतं बोलायला शिकवलंय."

"म्हणजे तुझ्या आईवर गेलंय."

सिल्वेट हसली. मी दाबत राहिलो. मासा झेलीला विकायला लागला, मग माशाला, मग पाद्र्याला. मग आलं :

मासा झेलीला घाबरतो.

माझं बोट थांबलं. जुन्या बंदरावर झेली जिवंत वाम कल्ल्यात बोटं घालून उचलायची. माझ्या हातात वळवळणारी वाम तिच्या हातात गप्प व्हायची. मीही व्हायचो.

"हेच कोरायचं."

"दगडावर? मामा, अजून पाद्र्याची वाक्यं राहिलीत. शेवटपर्यंत बघू या की."

"शेवटी काय येतं?"

"सगळी संपली की नुसतं 'नाही' छापतं."

"मग नको."

एस्पोझितोने दोनदा विचारलं आणि कोरलं. पाद्री म्हणाला, "ओगुस्त, हे शोभत नाही." मी म्हणालो, "नियमात बसतं, फादर."

सणाला बंदरावरच्या कोळणी कुंड्या घेऊन आल्या. त्यांनी दगड वाचला आणि अशा हसल्या, की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. इतक्या मोठ्याने त्या फक्त तिच्या ठेल्यापुढे हसायच्या.