टॅनर्स क्रीकची पातळी

ब्राइडी नॅन्कर्विस आमच्या काउन्सिलच्या ऑफिसात आली ती नोव्हेंबरातल्या शेवटच्या सोमवारी, परीक्षा संपून तीनच दिवस झाले होते तेव्हा. इंजिनियरिंगच्या मुलांना पदवीआधी बारा आठवडे कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागतं. शहरातल्या मोठ्या कंपन्यांनी नकार दिला की त्यांना आमचं खेड्यातलं काउन्सिल आठवतं. मी तिथला एकुलता एक इंजिनियर. एकतीस वर्षं रस्ते, गटारं आणि पूल यांच्यामागे फिरून पुरता विटलेला. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि माझी एकच इच्छा होती, या दोन वर्षांत नवीन काही घडू नये.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती चहाच्या खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली. पुढ्यातली खिम्याची पेस्ट्री तशीच. आमचा मुकादम क्लॅरी दारात उभा राहून मला म्हणाला, "नेव्ह, ही आजारी आहे का?"

"नाही. दोन पदव्या करतेय. सिव्हिल आणि आर्ट्स, एकत्र."

"आर्ट्स म्हणजे चित्रं?"

"इतिहास."

क्लॅरीने डोकं खाजवलं. "म्हणजे पूल बांधायचा आणि मग तो का पडला ते लिहायचं. बरं आहे, घरच्या घरी भागेल."

डोळे न उघडताच ब्राइडी म्हणाली, "मी पाचव्या वर्षात आहे, म्हणजे हा विनोद साधारण दोनशेव्यांदा ऐकतेय."

क्लॅरीला ती तेव्हाच आवडली.

साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात ती सॉइल मेकॅनिक्समध्ये, म्हणजे मातीच्या विषयात, नापास झालेली. फेब्रुवारीत पुरवणी परीक्षा, ती गेली तर आणखी एक वर्ष. आठवड्यातले दोन दिवस तिचे इंजिनियरिंगच्या इमारतीत जायचे, दोन टेकडीवरच्या आर्ट्सच्या इमारतीत, आणि दोन्हीकडे तिला पाहुणी समजायचे. "इकडचे म्हणतात, तू निबंध लिहितेस. तिकडचे म्हणतात, तू कोष्टकं करतेस," ती एकदा गाडीत मला म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. बस चुकली हे सांगावं तसं सांगितलं.

"मग घेतलंस कशाला?"

"अठराव्या वर्षी दोन्ही आवडत होतं."

"आणि आता?"

"आता झोप आवडते."

आमच्याकडे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि त्या उन्हाळ्यात एकच मोठं काम होतं. टॅनर्स क्रीक या ओढ्यावरचा लाकडी पूल जीर्ण झाला होता. दहा टनांवरच्या गाड्यांना बंदी होती, त्यामुळे दुधाचे टँकर बावीस किलोमीटरचा वळसा घालायचे आणि गवळी मला रोज शिव्या घालायचे. नव्या काँक्रीटच्या पुलाचं डिझाइन शहरातल्या सल्लागारांनी करून दिलं होतं. सरकारी मंजुरी जूनपर्यंतच होती. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

पुलाच्या खालच्या अंगाला इल्मा ट्रेलोर राहायची, वय त्र्याण्णव. तिच्या कुंपणाचा एक पट्टा आम्हाला कामापुरता हवा होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी ब्राइडीला सही आणायला पाठवलं. वीस मिनिटांचं काम. ती तीन तासांनी परतली, तोंड उन्हाने लाल झालेलं, हातात फोन.

"सही?"

"आणलीय. नेव्ह, हे ऐका."

तिने इल्माचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. इतिहासाच्या प्रबंधासाठी तिला म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करायच्या होत्या आणि वर्षभरात तिने एकही केली नव्हती. फोनमधून इल्माचा खरखरीत आवाज आला:

"सन चौतीस, पोरी. मी आठ वर्षांची. पाणी रात्रभर चढत होतं. सकाळी बाबांनी आम्हाला टेबलावर चढवलं. रेजी, माझा धाकटा भाऊ, दोन वर्षांचा होता. त्याला चुलाण्याच्या वरच्या फळीवर बसवलं, घड्याळ असायचं ना, तिथे. पाय खाली लोंबत होते त्याचे. पाणी त्याच्या टाचांना लागलं आणि तिथेच थांबलं. तो पाण्यात पाय आपटून हसत होता, आणि आई रडत होती. मला त्याचाच राग आला होता, हसतोय काय मेला!"

मी म्हणालो, "छान आहे. प्रबंधात घाल."

"ते घर पडलं," ब्राइडी म्हणाली, "पण चुलाणं आणि धुराडं अजून कुरणात उभं आहे. फळीसकट."

ती पुढे काय बोलणार ते मला कळलं, आणि कळलं म्हणूनच मी कागद चाळायला लागलो.

दुसऱ्या दिवशी तिने क्लॅरीला सोबत घेऊन पुलाजवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे पक्क्या उंचीच्या खुणेपासून, त्या धुराड्यापर्यंत उंची मोजत नेली. बेचाळीस डिग्री ऊन, माश्या तोंडात जात होत्या. दोन वर्षांच्या पोराचा पाय किती लांब असतो हे बघायला क्लॅरीने आपल्या नातवाला मापलं. उत्तर आलं ते नव्या पुलाच्या डेकपेक्षा, म्हणजे वरच्या रस्त्यापेक्षा, एक मीटर चाळीस सेंटिमीटर वर. सल्लागारांनी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणून जी पातळी काढली होती, ती डेकच्याही खाली होती. क्रीकवरचं मोजमाप अडुसष्ट साली सुरू झालं होतं. चौतीसचा पूर त्यांच्या आकड्यांत नव्हताच.

मी सल्लागारांना फोन केला. पलीकडचा तरुण गृहस्थ सभ्य होता. "सर, एका आजीबाईंची आठवण म्हणजे डेटा नव्हे."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी ब्राइडीला ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ती वाद घालेल असं वाटलं होतं. ती फक्त "ठीक आहे" म्हणाली आणि सॉइल मेकॅनिक्सचं पुस्तक घेऊन गेली.

नाताळानंतर दोन आठवडे ती रोज काम संपल्यावर जुन्या शाळेचं दफ्तर वाचत बसली. ते वाचनालयाच्या मागच्या खोलीत खोक्यांत पडलेलं होतं. जानेवारीच्या मध्यावर तिने माझ्या टेबलावर एक फोटो ठेवला. मास्तरांच्या हातची, चौतीस सालची नोंद: शाळा अकरा दिवस बंद. बाकांवर चिखल. पाणी खिडकीच्या उंबऱ्याच्या वर एक वीत. शाळेची इमारत अजून होती, आता तिथे कम्युनिटी हॉल आहे. खिडक्याही त्याच. तिने तीही पातळी काढली होती. दोन आकड्यांत फक्त अकरा सेंटिमीटरांचा फरक.

"ब्राइडी," मी म्हणालो, "हे मी पुढे पाठवलं तर डिझाइन पुन्हा होणार. जून चुकणार. गवळी आणखी एक वर्ष वळसा घालणार. ते मला फाडून खातील."

"माहितीये."

"मग मी काय करावं असं तुझं म्हणणं आहे?"

"माझं काही म्हणणं नाही, नेव्ह. तीन आठवड्यांवर परीक्षा आलीय आणि माझा एक धडासुद्धा झालेला नाही. मी इतकी थकलेय की मला कोणाला काही पटवायचं नाही." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "फक्त आकडा चुकीचा आहे. तो तुम्हाला माहीत नसता तर गोष्ट वेगळी होती."

मी त्या दिवशी घरी लवकर गेलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. जेवलो, भांडी घासली, टोमॅटोला पाणी घातलं. एकतीस वर्षांत मी बरेच आकडे पाहिले न पाहिल्यासारखे केले होते. कोणाचं काही बिघडलं नव्हतं, किंवा बिघडलं असेल तर मला कळलं नव्हतं. सकाळी ऑफिसात गेलो आणि शाळेची नोंद, दोन्ही पातळ्या आणि इल्माच्या बोलण्याचा उतारा सल्लागारांच्या वरिष्ठांना पाठवला. ब्राइडीचं नाव घालून.

वरिष्ठ बाईंचा आठवड्याने फोन आला. त्या म्हणाल्या, "हे आधी मिळायला हवं होतं," एवढंच.

डेक तेवढा उंच करून उपयोग नव्हता, पुरात दोन्ही बाजूंचे रस्तेच बुडाले असते. मग पुराखाली जाईल पण वाहून जाणार नाही असा पूल ठरला: जड डेक, खोल पाया, पाण्याच्या जोराने आडवे होणारे कठडे. खालच्या अंगाच्या चार घरांसाठी इशाऱ्याची व्यवस्था. जून अर्थातच चुकला. काउन्सिलच्या बैठकीत एका गवळ्याने मला उभं राहून विचारलं, "पंच्याऐंशी वर्षांपूर्वी एका पोराचे पाय भिजले, म्हणून माझा टँकर बावीस किलोमीटर फिरतोय, बरोबर?" लोक हसले. बरोबर, मी म्हणालो.

ब्राइडी पुरवणी परीक्षेत चार गुणांनी नापास झाली. निकालाच्या दिवशी मी तिला फोन केला. तिने उचलला नाही. संध्याकाळी तिचाच आला. मी म्हणालो, "तो शाळेच्या दफ्तरांत घालवलेला वेळ..."

"नका ना, नेव्ह. कदाचित तशीही नापास झाले असते. मला माती कळतच नाही."

दोन्ही पदव्या हातात यायला तिला साडेसहा वर्षं लागली. प्रबंध दोन्ही पदव्यांना मिळून एकच होता, याच पुरावरचा; इंजिनियरिंगच्या परीक्षकाने त्यावर लिहिलं, वर्णन जास्त आहे. इतिहासाच्या परीक्षकाने लिहिलं, आकडे जास्त आहेत. दोन्हीकडे तिला बरे गुण मिळाले, फार चांगले नाहीत. ते दोन शेरे तिने मला फोनवर वाचून दाखवले तेव्हा ती बराच वेळ हसली, आणि मग हसण्याचं काहीतरी वेगळंच झालं.

पूल उघडला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. इल्मा त्याआधीच्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून क्रीकला मोठा पूर आलेला नाही. तीन वर्षं तर खडखडाट आहे, मेंढ्या क्रीकच्या पात्रातून चालत जातात. वाण्याकडे भेटला की तो गवळी मला विचारतो, "काय नेव्ह, पाणी कुठवर आलं?" मी म्हणतो, येईल.

ब्राइडी आता उत्तरेला एका काउन्सिलमध्ये आहे. गेल्या महिन्यात तिने फोन केला होता. तिथल्या एका रस्त्याचं काम अडलंय, कोणीतरी म्हातारा सांगतोय की त्या जमिनीत जुनी विहीर बुजवलेली आहे.

"नकाशात आहे?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय. उद्या जाते त्याच्याकडे." तिने मोठी जांभई दिली. "आज नाही. आज अजिबात नाही."