विजूच्या पायातलं विष

डॉक्टरसाहेब, झाशीच्या लक्ष्मी तालाच्या, म्हणजे आमच्या तळ्याच्या, काठावरच्या त्या जलबाबाला गिऱ्हाइकं तुम्ही पुरवलीत. तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्या खोलीबाहेर बाकावर ताटकळणाऱ्या प्रत्येक बाईला ते पाठ आहे. चिडू नका, आधी ऐका.

काल रविवारी मी तालावर होतो; एवढी गर्दी होती, की देवळातल्या महालक्ष्मीकडे ढुंकून बघायला कोणाला सवड नव्हती. पायरीवर पितळी परात, परातीत नितळ पाणी, मागे बाबा. "अंग्रेजी दवा का ज़हर पाँव से उतरेगा!" अशी त्याची आरोळी. आधी त्याने आपला धट्टाकट्टा चेला पाण्यात उभा केला. पाणी जसंच्या तसं. मग दम्याच्या एका म्हाताऱ्याच्या तळव्यांना पिवळा लेप फासून त्याचे पाय परातीत ठेवले. पाणी लालभडक! लोकांनी "जय हो" करून कान किटवले. म्हातारा आपल्याच पायांकडे असा बघत होता, जणू ते शेजाऱ्याचे आहेत.

पुढचा नंबर विजूचा. ही विजयालक्ष्मी, वय नऊ, दतिया गेटजवळच्या, माझ्या शेजारच्या नीलकंठरावांची मुलगी. तिला मिरगीचे झटके येत. तुमच्या गोळीने ते थांबले, हे मी कबूल करतो, वाटल्यास लिहून देतो. पण पुढे तिच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या आणि पोर वर्गात बसल्याबसल्या पेंगू लागली. तिची आई शारदा तुमच्याकडे आली. "साहेब, हे गोळीमुळे तर नाही ना? पुढे आणखी काय काय होईल?" तुम्ही कागदावरून नजर न काढता म्हणालात, "डॉक्टर तुम हो या हम? दवा चालू रखो."

बाबाने मात्र गेल्या आठवड्यात तिचं म्हणणं पाऊण तास ऐकलं. विजूच्या हिरड्या बघून डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. लबाड होता, पण ऐकत होता! त्याने हुकूम केला: सकाळची गोळी आजपासून बंद, रविवारी पाय धुवायचे, मग उरलेल्या गोळ्या तालात. शारदेने सकाळची गोळी बंद केली. चौथ्या दिवशी पोरीला शाळेत झटका आला, बाकाच्या कोपऱ्यावर आपटून भुवई फुटली. बाबा काय म्हणाला? "शुभ है! ज़हर हिल गया."

तरीही रविवारी शारदा गोळ्यांची बाटली मुठीत धरून उभी होती. तिला तिथे आणलं होतं आमच्या सगळ्यांच्या अहिल्याकाकूंनी. काकूंना बाजारचं कुंकू चालत नाही. दर चैत्रात त्या घरी हळद कुटतात, तिच्यात चुन्याची निवळी घालून कुंकू करतात आणि झाशीतल्या आम्हा मराठी घरांना पुड्या वाटतात. यंदा ढवळायला विजू बसली होती.

चेल्याने परात उपडी करून मडक्यातलं नवं पाणी ओतलं. विजूच्या तळव्यांना लेप लागला. पाय पाण्यात, पाणी लाल. शारदेने डोळे मिटले.

"काकू," विजू म्हणाली, "ये तो अपना कुंकू है."

"गप गं! देवाचं काम चाललंय."

"अहो, वास पण हळदीचा येतोय. आपण निवळी घातली तेव्हा असंच लाल झालं होतं ना?"

काकूंनी परातीत बोट बुडवलं. अंगठ्याशी चोळलं. बुळबुळीत. हा बुळबुळीतपणा त्या बोटांना चाळीस वर्षं ठाऊक होता. काकूंनी पदर खोचला.

"महाराज, हमको भी लेप लगाइए."

"माताजी, आप अंग्रेजी दवा खाती हैं?"

"जनम में एक गोली नहीं खाई."

"तो आपको ज़रूरत नहीं."

काकूंनी विचारलंच नाही पुढे. वाटीतला लेप दोन्ही तळहातांना फासला, चेल्याकडून परात पुन्हा भरून घेतली आणि हात आत घातले. लालभडक! बाबा हार मानणाऱ्यांतला नव्हता. "माताजी ने पिछले जनम में खाई होगी!"

"पिछले जनम में तो झाँसी में अंग्रेज की गोली बंदूक से निकलती थी, भैया!"

सगळा घाट हसला. "ध्यान का समय" म्हणत बाबा उठला, आणि ध्यान बहुधा समथर गावच्या बसमध्ये बसून लावलं.

काकू मात्र पायरीवर बसून लाल झालेले हात पुसू लागल्या. "घरच्या पातेल्यात ते कुंकू, आणि मेल्याच्या परातीत चमत्कार! मला कळू नये? आणि मीच हिला घेऊन आले."

शारदा हसत नव्हती. तिने मला विचारलं, "भैया, मग विष नाहीच? तर हिरड्या कशाने सुजल्या?"

आम्ही तिघं विजूला घेऊन औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार विद्याधर आमच्यातलाच. त्याने गोळीच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या माहितीपत्रकाची घडी उलगडून वाचली. "भाभीजी, या गोळीने काही मुलांच्या हिरड्या सुजतात, इथे छापलंय. दात नीट घासले तर सूज आटोक्यात राहते. पेंग येतेय म्हणजे मात्रा जास्त होत असेल. रक्त तपासलं की कळतं. पण आपल्या मनाने गोळी सोडू नका. सोडल्यामुळेच झटका उसळला असणार. कमी करायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील. आजच दाखवा."

बाटली अजून मुठीतच होती; शारदा दुकानातच रडायला लागली. "म्हणजे मला उगीच शंका येत नव्हती."

लोकहो, बाबाच्या पाण्यात बोट घालून बघायला लाजू नका. लेपात हळद आणि पाण्यात चुना, एवढंच त्याचं शास्त्र. आणि औषधाबद्दल प्रश्न पडला तर औषध फेकू नका, प्रश्न विचारा, पुन्हा विचारा.

पण डॉक्टरसाहेब, आम्ही विचारायचं कोणाला? बाबा तर पळाला, आणि काल रविवार म्हणून तुमची खोली बंद होती. आज सोमवारी शारदा विजूला घेऊन पुन्हा तुमच्या समोर बसेल. पोर नऊ वर्षांची आहे, गोळी तिला अजून कित्येक वर्षं घ्यावी लागेल. रक्त केव्हा तपासणार? मात्रा कमी होईल का? दुसरी गोळी आहे का, आणि तिने आणखी काय होईल? तिच्या आईला काय उत्तर देणार आहात?