लीलाबाई गप्प बसत नाहीत

करुणा शाळेत दिवसभर छप्पन्न पोरांचा गलका ऐकायची. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी सिडकोतल्या तिच्या घरी भरणारं ध्यानवाचन तिला जीव की प्राण होतं. पद्धत ती एका शिबिरात शिकून आली होती. बायबलमधला एकच छोटा उतारा तीनदा सावकाश वाचायचा, दर वेळी दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि मनाला भिडलेला शब्द धरून प्रार्थना करायची. नेहमी येणारे तनुजा आणि अप्पाराव अगदी नीट बसायचे. पण महिन्यापूर्वी पाचोडहून लेकाकडे राहायला आलेल्या लीलाबाई येऊ लागल्या आणि सगळ्याचा विचका झाला.

त्या दिवशी उतारा होता आंधळ्या भिकाऱ्याचा. येशू वाटेनं चाललाय हे कळताच तो दयेसाठी हाका मारतो, लोक त्याला दटावतात. येशू मात्र थांबून विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू?

करुणानं वाचून डोळे मिटले. मिनिटही झालं नसेल.

"गुडघे बरे कर रं देवा," लीलाबाई म्हणाल्या. "अन् लेकाची शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी टिकू दे. लई धास्ती हाय."

"मावशी, मनात!"

"व्हय, व्हय."

दुसरं वाचन झालं. थोडा वेळ बरा गेला.

"त्या आंधळ्याला कुणी पाणी तरी इचारलं का? उन्हात बसला आसंल बिचारा."

तनुजाला हसू फुटलं. अप्पाराव उगाच खाकरले.

"मावशी, गप्प बसा हो जरा!" करुणा वर्गात खेकसावं तशी खेकसली.

तिसऱ्यांदा वाचताना, लोकांनी त्याला गप्प बसायला सांगितलं, या ओळीशी तिची जीभ अडखळली. तिचा पारा आणखीच चढला. म्हणजे उतारासुद्धा यांच्याच बाजूनं! तिनं उरलेलं कसंबसं वाचलं आणि पुस्तक मांडीवर मिटलं.

"मला काय हवंय सांगू?" ती म्हणाली. "दहा मिनिटं. कुणीही तोंडातून अवाक्षर काढू नये अशी फक्त दहा मिनिटं. आठवडाभर मी त्याचीच वाट बघते."

लीलाबाईंनी कपाळावर हात मारला.

"अगं माय! मंग आधी सांगायचं नाय व्हय? मला वाटायचं, वाचून झालं की तुमाला कुणाला काय सुचतच नाय. सगळे मुके बसले तर कुणीतरी बोलाया नको? मी आपली निभावून नेत व्हते."

पहिल्या दिवशी करुणानं 'अंतर्मुख', 'मौन', 'मनन' असले शब्द धडाधड फेकले होते. पुढं महिनाभर नुसते डोळे वटारले होते. गप्प का बसायचं, हे या बाईला साध्या शब्दांत कुणी सांगितलंच नव्हतं.

"ह्ये घ्या," म्हणत लीलाबाईंनी पदर तोंडावर दाबला.

खोली शांत झाली. खरोखर शांत. करुणानं डोळे मिटले आणि शब्दाची वाट बघितली. शब्द काही येईना. सारखी शेंद्र्याची ती नोकरीच आठवत राहिली. कोणती कंपनी? कधीपासून धास्ती आहे? महिनाभर बाई शेजारी बसतेय आणि आपण एकदाही विचारलं नाही. ती स्वतःवरच वैतागली. अखेर तिला राहवेना.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "लेकाच्या नोकरीचं काय झालंय?"

लीलाबाईंनी तोंडावरचा पदर न काढता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. अजून सहा मिनिटं बाकी होती. करुणानं सुस्कारा सोडला आणि मुकाट डोळे मिटले.