कबरीवरच्या डाळिंबाची झारी

पत्र्याची, पोटाला पोचा पडलेली झारी आहे मी, मित्रांनो. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका पत्रेवाल्यानं मला ठोकून ठोकून घडवलं. राहेलबाईंच्या मालकांनी कुंड्यांसाठी मला घरी आणलं. ते देवाघरी गेल्यावर बाई मला ख्रिस्ती कबरस्तानात घेऊन आल्या. मालकांच्या कबरीशेजारी त्यांनी डाळिंबाचं रोप लावलं होतं. मालक मूळचे सांगोल्याचे, रोपही तिकडचंच.

बाई रोज पहाटे गुडघे टेकून प्रार्थना करतात, मग जुळे सोलापूर या भागातून रिक्षानं येतात. उन्हाळ्यात आमच्या शहरात नळाची वाट बघावी लागते. म्हणून त्या भाजी धुतलेलं पाणी कॅनमधून आणायच्या आणि माझ्यातून रोपाला घालायच्या. पहिली कळी धरली तेव्हा राखणदार शरणबसव म्हणाला, "बाई, तुमच्या झारीला लई गुण हाय." मी खुळ्यासारखी सुखावले.

बाईंची श्रद्धा काय, तेही सांगते. प्रभू पुन्हा येईल तेव्हा कबरीतली माणसंच तेवढी उठणार नाहीत. माती, झाडं, पाखरं, सगळी सृष्टीच तो नवी करील. म्हणून रोपाला पाणी घालणं हीसुद्धा त्यांची प्रार्थनाच होती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कबरींना चुना देतात. यंदा ईस्टरआधीच्या उपासांनी बाई थकल्या होत्या. त्यांचे धाकटे दीर सामुएल त्यांना न सांगताच आले. बादली मिळेना, म्हणून चुना माझ्यात कालवला. भावाची कबर पांढरीशुभ्र केली आणि उरलेला दाट चुना रोपाच्या आळ्यात ओतला. तेवढीच कीड लागणार नाही, असं त्यांना वाटलं.

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानातच होणाऱ्या उपासनेला बाई आल्या आणि आळं बघून खालीच बसल्या. सगळे गीत गात होते, बाई हातांनी चुना उकरत होत्या. पण आठवडाभरात पानं करपली, कळी गळून पडली.

सामुएल ओशाळले. म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. शेवटी ही सगळी दुनिया जळूनच जायची की."

बाईंचा आवाज कधी चढत नाही. "भावजी, देव टाकून देत नाही. आहे तेच नवं करतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण हे रोप मला आत्ताही हवं होतं."

सामुएल खाली वाकले आणि आळ्यात राहिलेले चुन्याचे खडे वेचू लागले.

माझ्या चाळणीची भोकं चुन्यानं बुजली आहेत. बाई ती सुईनं मोकळी करतात आणि वाळक्या काडीला पाणी घालतात. अजून फुटवा आलेला नाही. येईल असंही मी म्हणत नाही.

मित्रांनो, प्रभूच्या हातून जे नवं व्हायचं आहे, ते आज तुमच्या हाती दिलेलं आहे. ते जपा. आणि उरलंसुरलं कुठं ओतायची वेळ आली, तर आधी जरा खाली वाकून बघा.