बबडीचे कान

हाक मारली तरी बबडी ओ देत नाही, ही शाळेतल्या बाईंची तक्रार. ‘एकदा कान दाखवून घ्या,’ असं त्यांनी सांगितलं, म्हणून आई तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली.

हेडफोन लावून बबडी ऐटीत बसली. आवाज आला की बटण दाबायचं. आवाज बारीक होत होत नाहीसा व्हायला आला, तरी पोरीचं बोट आपलं चालूच!

“कान चांगले तिखट आहेत हिचे!” डॉक्टरीणबाई हसल्या. “मग हाक मारल्यावर कुठे असतेस गं?”

“मी दुसरं आठवत असते. काल जिन्यात बाबांच्या चपला जोरात वाजल्या होत्या. जोरात वाजल्या की ते आईला मारतात.”

“काहीतरीच!” आई घाईघाईने म्हणाली. “डॉक्टर, ती तेव्हा आतल्या खोलीत असते. मी टीव्ही मोठा करते ना! तिला काही म्हणजे काही ऐकू जात नाही.”

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

“टीव्ही मोठा झाला की मला कळतं, आता सुरू होणार,” बबडी म्हणाली. “मग मी तुझा आवाज शोधते. तो आला की कळतं, तू आहेस.”

आपण लेकीला वाचवतोय, याच समाधानावर तर आई इतकी वर्षं मार खात आली होती!

डॉक्टरीणबाईंनी बबडीला चित्र काढायला नर्सकडे पाठवलं.

“ताई, हिच्या अंगाला कुणी बोट लावलं नसेल, पण मार हिलाही बसतोय. यात चूक तुमची नाही. खाली समुपदेशक मॅडम बसतात. तुम्ही दोघी सुरक्षित कशा राहाल, ते आधी बघू. येता?”

“घरातलं बाहेर कसं सांगायचं? लोक काय म्हणतील?”

“लोक राहू द्या. बबडीने आत्ता काय सांगितलं?”

आई पदराने डोळे पुसून उठली. खालच्या खोलीत तिने आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्याने म्हटलं, “माझा नवरा मला मारतो.” आकाश काही कोसळलं नाही. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला आणि खुर्ची जवळ ओढली. त्या दुपारी मायलेकी परस्पर मावशीकडे गेल्या.

मुलांना काय कळतंय, ही आपण मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी करून घेतलेली समजूत आहे. त्यांना सगळं कळतं. मुलांना वाचवायचं तर आधी घरातला मार थांबला पाहिजे, आणि त्यासाठी मदत मागण्यात लाज कसली? लाज मारणाऱ्याला वाटायला हवी!