वरचा दात

सुट्टी तोंडावर आली आणि थोरल्याचा वरचा पुढचा दात अक्रोडाने अर्धा तोडला. दुसऱ्या कुणाचं चार दिवस तोंडावर हात धरून भागलं असतं. पण थोरला ट्रम्पेट वाजवायचा. चार दिवसांनी सभागृहात सोलो त्याचा होता, आणि वाद्याचा सगळा दाब नेमका त्याच दातावर यायचा.

सुट्टीत एकच दवाखाना उघडा होता, आणि तिथे डॉक्टरांच्या हाताखाली त्याची धाकटी भावजय कामाला. म्हणजे आगीतून फुफाट्यात. कारण तिचा नवरा, थोरल्याचा सख्खा भाऊ, त्याच वाद्यवृंदात दुसरा ट्रम्पेट वाजवायचा. थोरल्याचा दात गेला की सोलो धाकट्याचा, हे शेंबडं पोरही सांगेल.

डॉक्टरांनी दातावर तात्पुरती टोपी बसवली. कडक खायचं नाही, चिकट खायचं नाही, पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही.

"घरी बोलू नकोस," थोरला भावजयीला म्हणाला.

"नाही बोलणार, दादा."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारचं जेवण धाकट्याकडे होतं. जिना चढतानाच थोरल्याला वरून ट्रम्पेट ऐकू आला. धाकटा वाजवत होता, आणि वाजवत होता तो सोलो. बेल वाजली तसा आवाज थांबला.

"रियाज चाललाय?"

"छे, जरा ओठ मोकळे करत होतो."

म्हणजे बाईच्या तोंडात तीळ भिजला नव्हता. थोरला पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराकडे वळला. भावजय पाठमोरी, फोनवर. शेजारी मिक्सर चालू. घरघरीतून तुकडे तेवढे कानावर आले, "त्यांच्यावर... दात धरलाय... आजचा दिवस..."

तो तहानलेलाच परतला. दात धरण्यासारखं त्याने तिचं काय वाकडं केलं होतं? काही नाही. पण नवऱ्याला पुढे आणायचं तर कुणाला तरी मागे ढकलावं लागतंच.

जेवताना तो प्रत्येक घास सुरीने बारीक करत, मागच्या दाढांनी चावत होता.

"सोनं तपासतोयस का रे?" आईने विचारलं.

"जिभेला फोड आलाय."

"मग बोलतोस बरा."

शेवटी केक आला. वर बदाम आणि कडक साखरेचा चकाकता थर. सगळ्यांच्या बशांत तेच. थोरल्याची बशी मात्र भावजयीने आतून वेगळी आणली. तुकडा सायीने पुरता झाकलेला.

"तुमचा हा, दादा."

याखाली काय आहे? समोरचा बदाम परवडला, झाकलेला नको. आईने धाकट्याला पाठीशी उशी द्यायला उठवलं, भावजय पाणी आणायला आत गेली, आणि थोरल्याने आपली बशी धाकट्याच्या बशीशी बदलली. बदाम वेचून काढले. साखर खरवडली. मऊ भाग चमच्याने तोंडात घातला.

साखर पाघळून आत मुरली होती, हे त्याला दाढेने सांगितलं. घास पुढे दाताला चिकटला. जिभेने तो सोडवायला गेला, तर घासाबरोबर टोपीही निघाली.

"माझ्या केकवरचे बदाम कुठे गेले?" धाकटा साय चाटत म्हणाला. मग त्याने भावाचं तोंड पाहिलं.

थोरल्याने चमच्यातली टोपी भावजयीपुढे धरली. "झालं मनासारखं? माझ्यावर दात धरलायस ना? ऐकलंय मी."

भावजयीने चमच्यातली टोपी उचलून घेतली. "दादा, वरचा दात. डॉक्टरांना म्हणाले, त्यांचा वरचा दात धरलाय नुसता, आजचा दिवस निघायला हवा. म्हणून तर तुमचा केक वेगळा केला."

"आणि याला सोलोची तयारी करायला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला?" धाकटा म्हणाला. "चार दिवस तू वरचे सूर चोरतोयस. शेजारी बसतो मी, बहिरा नाही. म्हटलं, ऐनवेळी अडलास तर कुणी तरी तयार असावं."

"आपलेच दात, आपलेच ओठ," आई म्हणाली. "आता भांडत बसा, संध्याकाळ होईल."

भावजयीने दवाखान्यातून मागून आणलेली टोपी चिकटवायच्या सिमेंटची नळी पर्समधून काढली. "तोंड उघडा."

तिचा हात जवळ आला तेव्हा थोरल्याने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. पण तोंड उघडलं.

"जेवण सोसेल," ती हात पुसत म्हणाली. "सोलोचा दाब सोसेल असं नाही सांगत."

त्याने बराच वेळ जीभ दातावरून फिरवली. "वरचं तू घे," तो भावाला म्हणाला. "मी खालचं वाजवतो."

"बरं," धाकटा म्हणाला.

फार पटकन म्हणाला, असं थोरल्याला वाटलं.

निघायच्या आधी धाकट्याने सायीचा उरलेला तुकडा त्याच्यापुढे सरकवला. "खा, तुझाच आहे."

थोरल्याने चमच्याने साय बाजूला केली, खाली नीट पाहिलं, आणि मग मागच्या दाढेने खाल्लं.