एक्केचाळीस मिनिटांचा बँजो

आधीच सांगतो, डीजेचं नाव माझ्यापुढं काढायचं न्हाई. नुसता धडधडाट, कानठळ्या बसत्यात, त्याला काय गाणं म्हणायचं व्हय? गाणं म्हंजे बँजो. आन् बँजो म्हंजे शिराळ्याच्या कुतुबचाचांची गुलमोहर बँजो पार्टी. गाडीवर कीबोर्ड, ढोल, ताशा सगळं असायचं, पर सुरवातीला चाचा सगळ्यांना हातानं थांबवायचे आन् एकटेच वाजवायचे. चारच मिनिटं. तेवढ्यात अख्खी गल्ली गप्प व्हायची.

त्या चार मिनिटांसाठी आमी तिघं येडं झालतो. मी नाथाजी, विट्याजवळ आमच्या गावात विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करतो. तारिकचं वेल्डिंगचं दुकान माझ्या भिंतीला भिंत लागून. आन् तिसरा शंभूराज, आमचा शंभू. चाचांची सुपारी पार लोणंदला असली तरी एका मोटरसायकलवर तिघं जायचो. नवरा कोण, नवरी कोण, काय पत्ता न्हाई. पंगतीला बसायचो, दाबून जेवायचो आन् वरात संपंस्तवर चाचांच्या गाडीपुढं नाचायचो. एकदा नवरीच्या मामानं शंभूची गचांडी धरली, "कुणाकडचे रं तुमी?" शंभू म्हणला, "बँजोकडचे." मामाला हसू फुटलं. त्यानंच आमाला परत जिलेबी वाढली.

पुढं शंभू गलाईच्या धंद्यात मदुराईला गेला. आमच्याकडची निम्मी माणसं अशीच परमुलखात सोनं गाळत बसल्यात. जत्रंला जमलं तर यायचा, न्हाई जमलं तर फोन करायचा. फोनचा नियम त्यानंच घालून दिलता. "नाथा, हॅलो-बिलो करत बसू नकोस गड्या. त्या आवाजात काय ऐकू येतंय? माझा फोन आला की उचलायचा आन् हात वर करायचा. बास." तिकडं हा फोन बाजूला ठेवून काम करत ऐकायचा. इकडं मी हात वर करून उभा, दुखायला लागला की या हातातनं त्या हातात. संपलं की त्याचा मेसेज यायचा, "चाचा दुसऱ्या गाण्याला घाईत व्हते." बाराशे किलोमीटरवर बसून ह्याला चुका कळायच्या, घ्या!

गेल्या जत्रंला दुपारी चारला मिरवणूक निघाली. चाचांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आन् तेवढ्यात शंभूचा फोन आला. उचलला, हात वर. एक्केचाळीस मिनिटं धरला. दोन गाण्यांच्या मधी जरा शांत झालं तवा फोनमधनं काहीतरी बारीक आवाज आला. मला वाटलं, गडी 'वा' म्हणतोय. मी हात खाली न घेताच वरडलो, "थांब रं, पुढचं ऐक! खरी मजा आता हाय!" तारिक हसला. मीबी हसलो.

त्या दिवशी मेसेज आला न्हाई. सातला भाऊसोचा फोन आला. भाऊसो आमच्याच गावचा, मदुराईत शंभूच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. शंभू दुकानात पडलेला सापडला म्हणला. हार्ट अटॅक. छत्तीस वर्षांचा गडी. डॉक्टर म्हणले, अर्ध्या तासात आणला असता तर वाचला असता. भाऊसोला पळत जायला दोन मिनिटं लागली असती. मी त्याला नुसता एक फोन लावायचा व्हता.

आता तुमीच सांगा. त्यानं मला बँजो ऐकायला फोन केलता, का जीव चाललाय म्हणून सांगायला?

तारिक म्हणतो, "छातीत दुखायला लागलं असतं तर भाऊसोला लावला असता. तुला कशाला लावंल?" ऐकायला बरं वाटतं. पर घाबरलेला माणूस शोधत बसत न्हाई, सगळ्यात वरचा नंबर दाबतो. आन् सकाळी तो माझ्याशीच बोलला व्हता.

माझ्या फोनात सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हत्यात. गिऱ्हाइकं बोललेला शब्द फिरवत्यात, म्हणून मीच ते चालू करून ठेवलेलं. म्हंजे ती एक्केचाळीस मिनिटं माझ्या खिशात. आठ महिनं मी ती घेऊन हिंडतोय. दुकानात मोटर चालवून बघायला लावली की तिच्या गरगरीखाली कोणतरी बोलतंय असं वाटतं. बंद करतो, तर कोण न्हाई. चालू केली की परत. मेव्हण्याच्या लग्नात बँजो सुरू झाला आन् माझा हात आपोआप वर गेला, रिकामाच. बायकोनं तो धरून खाली घेतला. रेकॉर्डिंग पुसायला तीनदा बोट नेलं, धीर झाला न्हाई. ऐकायला तर त्याहून न्हाई. भ्यालो, दुसरं काय!

तारिकच्या पोटात काय राहत न्हाई. बोलता बोलता शंभूच्या बायकोपुढं त्याच्या तोंडातनं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांतीवहिनींचा फोन. "भावजी, ते रेकॉर्डिंग घेऊन या." एवढंच बोलल्या आन् ठेवला. तारिकला लय शिव्या घातल्या, आन् गेलो.

वहिनी सोप्यात ज्वारी निवडत बसल्या व्हत्या. पलीकडं बाजल्यावर शंभूची आई, अंबूबाई. म्हातारीला ऐकू कमी येतं, पर आज कशासाठी आलोय ते तिला सांगितलेलं असणार. मला बघितल्या बघितल्या म्हणली, "नाथा, त्यानं माझं नाव घेतलं का रं बाळा?" मी फोन काढून वहिनींपुढं धरला.

वहिनींनी हात झटकले, कानात इयरफोन घातला. माझ्याच्यानं राहवंना. म्हणलं, "वहिनी, मी ऐकलेलं न्हाई. मधी एकदा काहीतरी आवाज आलता. मला वाटलं, 'वा' म्हणतोय. आईशप्पथ, मला तसंच वाटलं." त्यांनी रेकॉर्डिंग चालू केलं.

एक्केचाळीस मिनिटांच्या वरच मी समोर बसलो. मला काय ऐकू येत न्हवतं. सुरवातीला त्यांच्या पायाचा अंगठा जरा हलला, म्हंजे चाचा वाजवत असणार. मग अंगठा थांबला. त्यांनी बोटानं मागं नेऊन परत ऐकलं. परत मागं नेलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचे डोळे माझ्याकडं व्हते, पर मी दिसत असंन असं वाटंना. नंतरची सगळी मिनिटं त्या ज्वारीच्या सुपात हात घालून तशाच बसून राहिल्या. एक दाणा इकडचा तिकडं केला न्हाई.

शेवटी इयरफोन काढला. म्हणल्या, "नुसता बँजोच हाय, भावजी. मधी एकदा 'वा' म्हणले. तुमी म्हणताय तसंच."

काय सांगू तुमाला! आठ महिन्यांचा धोंडा छातीवरनं उतरला. मी पोरागत हुंदके देऊन रडलो. तिथंच, त्यांच्यापुढं, लाजबिज सोडून. माझा शंभू बँजो ऐकत गेला. खूश होऊन 'वा' म्हणत गेला. मी हात वर धरला ते वाया गेलं न्हाई. रडता रडता मला चक्क भूक लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, खरंच सांगतो.

तेवढ्यात बाजल्यावरनं म्हातारी वरडली, "अगं, काय म्हणला? माझं नाव घेतलं का?"

वहिनी उठल्या, तिच्या कानाशी वाकल्या आन् मोठ्यानं म्हणल्या, "घेतलं, आत्या! आईला जपा म्हणले!"

म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. "मला ठावं व्हतं," म्हणली. "आईला इसरायचा न्हाई त्यो."

माझं रडू तिथंच थांबलं. आत्ता मला 'नुसता बँजो' म्हणल्या. आता आईला जपा म्हणले, म्हंजे? मला पाहिजे व्हतं ते मला दिलं, म्हातारीला पाहिजे व्हतं ते तिला दिलं. मग त्यांच्या स्वतःच्या कानात काय राहिलं?

त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. "पुसलंय मी ते," म्हणल्या. "आता कुणी ऐकायला नको."

मी उठलो. उंबऱ्यावर थांबलो. कशाला थांबलो, गप घरला जायचं व्हतं. पर तोंडातनं गेलंच, "वहिनी, खरं सांगा. काय म्हणला त्यो?"

त्या दाराला धरून उभ्या व्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी न्हवतं, तेच मला सोसंना.

"भावजी," त्या हळू आवाजात म्हणल्या, "हितनं पुढं कुणाचाबी फोन आला तर आधी कानाला लावा."

आन् दार लोटलं. हळूच लोटलं. आदळलं असतं तर बरं झालं असतं.